कठड्याची शैली

“कुठलीही वस्तू घरात आणण्याआधी तिचं शतक विचारावं,” असं सासऱ्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी माहेरून भिंतीवरचं एक घड्याळ आणलं होतं. त्याचं शतक मला सांगता येईना. दुकानदाराने फक्त एका वर्षाची गॅरंटी दिली होती. घड्याळ अजून चालतं, पण कपाटात.

सासरे स्थापत्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. ते निवृत्त झाले, इतिहास मात्र झाला नाही. रस्त्याने जाताना ते माणसांकडे बघतच नाहीत, खिडक्यांवरच्या पट्ट्या बघत चालतात. ओळखीचे लोक हात वर करकरून दमतात आणि शेवटी आपापल्या वाटेने जातात. माझा नवराही आर्किटेक्ट, पण त्याचा पंथ वेगळा. त्याच्या मते भिंतीवर विनाकारण काढलेलं एक फूलसुद्धा पाप. पापपुण्याचा विचार मीही रोज करते, पण भिंतीवरचं फूल त्यात कधी आलं नव्हतं.

घर सासऱ्यांनी ऐन तरुणपणात बांधलं. आत खोल्या बेताच्या, पण पुढे चार गोल खांब, वर त्रिकोणी माथा आणि खाली घराच्या दुप्पट रुंदीच्या दगडी पायऱ्या. अजूनही अधूनमधून कोणीतरी फाईल घेऊन वर येतं आणि दाखले कुठल्या खिडकीवर मिळतात ते विचारतं. सासूबाई त्यांना पाणी देऊन खऱ्या कचेरीचा पत्ता सांगतात.

त्या पायऱ्यांना कठडा नाही. पुरातन देवळांच्या पायऱ्यांना कुठे असतो, असं सासरे म्हणत. जोवर सासूबाईंचे गुडघे ठीक होते, तोवर देवळांचं हे म्हणणं आम्हालाही पटत होतं.

यंदा गुडघ्यांनी संप पुकारला. चढताना सासूबाईंना फारसं काही होत नाही, उतरताना मात्र पाय लटपटतात. आणि उतरणं तर रोजचंच. समोरच्या गल्लीत त्यांची बालमैत्रीण राहते. तिची नजर गेली आहे. सकाळी तिच्याकडे जाऊन अख्खा पेपर वाचून दाखवायचा, मधेमधे दोघींनी मिळून सरकारला नावं ठेवायची आणि घरी यायचं, हा सासूबाईंचा कित्येक वर्षांचा क्रम. माझा जसा जप, तसा त्यांचा पेपर. मला शाळेसाठी लवकर निघावं लागतं, नाहीतर मीच सोडून आले असते. तसं एकदा म्हटलंही, तर म्हणाल्या, सुनेची नोकरी घालवून मला बातम्या वाचायच्या नाहीत.

त्यांनी सासऱ्यांकडे एक साधा कठडा मागितला. ‘साधा’ हा शब्द त्यांनी आमच्या घरात वापरायला नको होता.

जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरले. सासऱ्यांचं म्हणणं, खांब ज्या शैलीचे, कठडाही त्याच शैलीचा हवा, म्हणजे दगडी, सुरईच्या आकाराच्या ठोकळ्यांचा. नवरा म्हणाला, ते तर मंगल कार्यालय दिसेल. एक गोल स्टीलची नळी पुरे. सासऱ्यांनी विचारलं, बसमधली दांडी काढून आणणार आहेस का. मग दोघंही आठवडाभर एकमेकांशी माझ्यामार्फत बोलले. “त्यांना सांग, सुरयाच लावायच्या तर मग टोकदार कमानीही लावा.” “त्याला सांग, टोकदार कमान इथे आणणं म्हणजे तीनशे वर्षांची उडी आहे.” मी निरोप पोचवत राहिले. सकाळी जप संपेपर्यंत मौन आणि दिवसभरात कोणाविषयी वाईट बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. पहिलं सोपं असतं. दुसऱ्यासाठी या घरात देवाची बरीच मदत लागते.

सासूबाई त्या पसाऱ्यातून मीठ शोधून काढायच्या आणि शांतपणे जेवायच्या. एकदा भातावर सांडगा पडावा तसा खोडरबर पडला. तो त्यांनी ताटाच्या कडेला काढून ठेवला.

मी हळूच एका ग्रिलवाल्याला बोलावलं. तो मोठा उत्साही निघाला. त्याच्या मोबाइलमध्ये हंसांचे कठडे होते, सूर्यफुलांचे होते, एकात तर दोन डॉल्फिन समोरासमोर उभे होते. डॉल्फिन फार चालतात, असं त्याने सासऱ्यांना विश्वासात घेऊन सांगितलं. सासरे आत जाऊन आडवे झाले. नवऱ्याने त्याला फाटकापर्यंत पोचवलं. त्या दिवशी बापलेकांचं प्रथमच एका गोष्टीवर एकमत झालं, आणि त्या आनंदात ते पुन्हा बोलू लागले.

इकडे सासूबाईंचं खाली उतरणं बंदच पडलं होतं, आणि मैत्रिणीकडून निरोप आला. शेजारची एक बाई आता तिला पेपर वाचून दाखवत होती. बाई मनाची चांगली, पण तिला फक्त अपघात आणि निधनवार्ता वाचायला आवडायच्या. मैत्रीण म्हणाली होती, तू लवकर ये, इथे रोज सगळे मरतायत. सासूबाई हसल्या, पण नंतर बराच वेळ खिडकीशी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा पेपर उघडलाच नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, एकटीने वाचून काय करायचं, तिला आता त्या बाईची सवय झाली असेल. गुडघ्यापेक्षा हे दुखणं मोठं होतं.

मी रात्रीच्या जेवणात तेवढंच सांगितलं. दोघंही वरमले आणि काम झपाट्याने करायचं ठरलं. झपाट्याने म्हणजे त्यांच्या रीतीने. प्रत्यक्ष जागेवर पूर्ण मापाची प्रतिकृती उभी केल्याशिवाय प्रमाण कळत नाही, यावर दोन्ही पंथांचं एकमत आहे. रविवारी दिवसभर बापलेक मागच्या अंगणात पुठ्ठा कापत, चिकटवत आणि रंगवत बसले; सासूबाईंना एवढंच कळलं की कठडा होतोय. अर्धा कठडा सुरईचा, अर्धा नळीचा. संध्याकाळी तो पायऱ्यांवर चढला. राखाडी रंग असा बेमालूम लागला होता की नळी पोलादाची वाटावी आणि सुरया दगडाच्या. दोघंही रस्त्यापलीकडे उभे राहून एक डोळा मिटून तो न्याहाळत होते. रात्री तो दुसरा आत आणून ठेवेल, असं प्रत्येकाने गृहीत धरलं.

सकाळी मी देवापुढे बसले होते. समोरचं दार उघडं होतं. सासूबाई नवं लुगडं नेसून, पेपर काखेत घेऊन बाहेर आल्या. कठडा पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर काही सुचेना. मग सुचलं, पण माझं मौन होतं. मी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मी आनंदाने वाजवतेय. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि हात ठेवला. मी नेम मोडून “आई, थांबा” म्हणेपर्यंत कठडा त्यांना घेऊन निघाला होता.

देवानेच जणू पायऱ्यांलगतच्या बागेत नुकतीच खत-माती टाकून घेतली होती. सासूबाई त्या भुसभुशीत ढिगात बसल्या, मांडीवर तीन सुरया, हातात नळीचा तुकडा. काही मोडलं नव्हतं. सासरे आणि नवरा धावत आले. नवऱ्याने आधी आईला हात दिला, हे मी मुद्दाम नमूद करते. सासऱ्यांचा हात आधी सुरईकडे गेला, पण वाटेत वळला, हेही.

सासूबाई उठायला तयार नव्हत्या. त्यांनी केसांतली माती झटकली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “अहो, तुमच्या पुस्तकांत एवढ्या इमारती आहेत. त्यांच्यातली म्हातारी माणसं खाली कशी उतरायची?”

सासऱ्यांनी घसा खाकरला. व्याख्यान सुरू होणार हे आम्ही ओळखलं. त्यांनी एका राजवाड्याचं नाव घेतलं, मग एका देवळाचं, मग थांबले. तसेच आत गेले. मी मागोमाग गेले तर ते कपाटातले जाडजूड ग्रंथ एकेक काढून उघडत होते. पानापानांवर पायऱ्या होत्या, भव्य, चमकत्या, आणि एकाही पायरीवर माणूस नव्हतं. “माणसं निघून जाईपर्यंत फोटो काढणारे थांबायचे,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “मीही मुलांना तेच शिकवलं. मधे माणूस येऊ देऊ नका म्हणून.”

तोवर सासूबाई हात धुऊन आत आल्या होत्या. आता कठडा नको, म्हणाल्या. मी घरातच बरी. हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर चाललं असतं.

सासऱ्यांनी पुस्तक मिटलं. “कठड्याचं आम्ही ठरवू. आमचं काही लवकर ठरत नाही. तोपर्यंत रोज सकाळी मी येईन खाली सोडायला. आणि आणायला.”

“तुम्ही?” सासूबाई म्हणाल्या. “तुमची सकाळ माझा पेपर वाचून झाल्यावर होते.”

“उठेन.”

“दुसऱ्या दिवशी विसराल. वाटेत एखादी कमान दिसली की मला रस्त्यात उभी कराल.”

“नाही करणार,” ते म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाईट बोलायचं नाही म्हणून काहीच बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी जपाला बसले तेव्हा घर अजून झोपलेलं होतं. नवऱ्याच्या टेबलावर नवा कागद ताणून बसवलेला होता, त्यावर अजून काहीच काढलेलं नव्हतं. आतल्या खोलीचं दार हळूच उघडलं. सासरे बाहेर आले, सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली, बूट हातात. मला पाहून ते ओशाळले. मी मान खाली घातली. त्यांनी खुर्चीवर बसून बूट चढवले, उठून कोपर शरीरापासून थोडं लांब धरून पाहिलं, मग आणखी थोडं. आतून सासूबाई केस विंचरत असल्याचा आवाज येत होता. सासऱ्यांनी दाराची कडी आवाज न करता काढली आणि पहिल्या पायरीकडे गेले.