चार दिवसांपुरती जोडणी

तिसऱ्या दिवशी सकाळी काका बोटीच्या पोटात उतरले तेव्हा आधी गुडघे बोलले, मग कंबर बोलली. काकांनी दोघांचंही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टॉर्च फळीच्या कडेला टेकवला, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला आणि काल जिथे हात थांबले होते तिथून पुढची वायर धरली.

काका म्हणजे वायरमन. धक्क्यावरचे लहानमोठे सगळेच त्यांना काका म्हणत, पण या बोटीपुरते ते खरेखुरे काका होते. बोट त्यांच्या थोरल्या भावाची, दादांची. दादा गेल्या वर्षी अचानक गेले. बोट वहिनींकडे आली, आणि दादांना एकच मुलगी असल्यामुळे चालवायला जावयाच्या हाती आली. लाकडी, बत्तीस वर्षांची, माणसांना या काठावरून त्या काठावर नेणारी साधी बोट. तीन आठवड्यांपूर्वी ती धक्क्याला बांधल्या जागी, उभ्या उभ्या, बाकांपर्यंत बुडाली होती.

बुडण्याचं काही कारणच नव्हतं, आणि तीच खरी पंचाईत होती. लाकडी बोट म्हातारी झाली की थोडं थोडं पाणी आत घेते. ते तळाशी साठतं. म्हणून तळात एक पंप असतो आणि त्याच्या शेजारी तरंगता स्विच. पाणी चढलं की स्विच उचलला जातो आणि पंप सुरू होतो. पाणी उतरलं की स्विच खाली बसतो आणि पंप गप्प. माणसाने फक्त वरचं बटण ‘ऑटो’वर ठेवायचं.

जावयाची आई पाय मोडून घरात पडली होती, म्हणून तो बायकोला घेऊन पाच दिवस तिकडे गेला होता. परत आला तर ही अवस्था. तो म्हणाला, बटण ऑटोवर ठेवलं होतं. वहिनी म्हणाल्या, ठेवलं असतं तर बोट बुडाली नसती. बोट वर काढताना दहा जणांचे हात लागले होते, त्यामुळे बटण कुठे होतं हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. काकांनी पहिल्याच दिवशी पंप दुसऱ्या बॅटरीला जोडून पाहिला. चालला. तरंगता स्विच बोटाने उचलला. तोही चालला. मग काकांनी हात पुसत, वहिनींच्या देखत, जावयाला ऐकवलं होतं, “वायर खोटं बोलत नाही, जावईबापू. बोलतो तो माणूस.”

वहिनींनी त्याच संध्याकाळी मेन स्विचची चावी त्याच्याकडून मागून घेतली. लाल रंगाची, अंगठ्याएवढी चावी. ती बसवून फिरवल्याशिवाय बोटीत दिवासुद्धा लागत नसे. आणि आज चार वाजता पलीकडच्या धक्क्यावरचा लाँचवाला बोट बघायला येणार होता. काम पुरं झालं की बोट त्याच्या हाती जाणार, असं वहिनींनी ठरवून टाकलं होतं. जावयाने दुसऱ्या गावी गोदामात कामाचं बोलून ठेवलंय, हे पुतणीने काकांना रडत सांगितलं होतं.

काम मात्र जावईच करत होता, काकांच्या जोडीने. पाण्यात बुडालेल्या वायरीचं दुखणं वरून दिसत नाही. आवरण ठणठणीत असतं. ते सोललं की आतलं तांबं चकचकीत दिसायला हवं. इथे काळं निघत होतं. वीतभर मागे कापा, काळं. हातभर मागे कापा, तरी काळं. वातीत तेल चढावं तसं पाणी टोकाकडून शिरून आवरणाखालून चढत गेलं होतं. तेव्हा तुकडे जोडण्यात अर्थ नव्हता. वायर अख्खीच बदलायची. त्याची रीत अशी की, जुन्या वायरीच्या शेपटीला नवी घट्ट बांधायची. एकाने इकडून ढकलायची, दुसऱ्याने पलीकडून ओढायची. फळ्यांखालच्या, वाशांमधल्या भोकांतून जुनी निघून जाते आणि जाता जाता नवीला वाट दाखवते.

त्या बोलण्यानंतर काका आणि जावई एकमेकांशी दोनच शब्द बोलले होते. “ओढा.” आणि “आली.”

पुढच्या दिव्याची वायर झाली. भोंग्याची झाली. अकराच्या सुमाराला काका पंपाच्या वायरीला आले. ही सोपी, असं त्यांच्या मनात होतं. पंपाची वायर मेन स्विचच्या वाटेला जातच नाही. ती थेट बॅटरीवरून घेतात, मध्ये फक्त एक फ्यूज. मेन स्विच म्हणजे घराचं कुलूप. पण कुलूप लावून निघताना राखणदाराला कुणी झोपवून जात नाही. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला काका हे पहिल्या आठवड्यात सांगत, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारत.

त्यांनी वायर चिमटीत धरली आणि बोटं मागे मागे नेली. वायर बॅटरीकडे वळली नाही. ती मेन स्विचच्या मागे गेली आणि खालच्या बाजूला, दिवे आणि भोंगा जिथून निघतात तिथेच, स्क्रूखाली बसली.

मेन बंद केला की पंपही बंद.

कुणा गाढवाने केलं हे, असं काका पुटपुटले आणि टॉर्च जवळ नेला. वायरीवर, स्क्रूपासून चार बोटांवर, दोरा बांधलेला होता. तेलाने, चिखलाने तो तपकिरी झाला होता. नखाने खरवडल्यावर आतून लाल निघाला. दोन फेरे, वर गाठ, एक टोक आखूड कापलेलं.

काका तिथेच मागे सरकले आणि वाशाला पाठ लावून बसले.

तो दोरा त्यांचाच होता. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्यांनी लावलेली शिस्त होती ती. तात्पुरती जोडणी केलीस की तिला लाल दोरा बांध, पक्की केलीस की दोरा सोड, आणि बोटीत एकही लाल दोरा उरला नाही की मगच काम संपलं म्हण. अख्ख्या धक्क्यावर लाल दोरा बांधणारा वायरमन एकच.

हळूहळू सगळं आठवलं. अकरा वर्षं झाली होती. तेव्हाचा तरंगता स्विच वरच अडकून बसायचा. पाणी संपलं तरी पंप रात्रभर चालायचा आणि सकाळी बॅटरी मेलेली. पहिली फेरी तीन दिवस चुकल्यावर दादा घरी येऊन उभे राहिले. नवा स्विच दुकानात नव्हता. काका म्हणाले, चार दिवस पंप मेनच्या खाली घेतो, रात्री मेन बंद केलास की तोही बंद राहील, सकाळी तू येतोसच, तेव्हा पाणी उपसलं जाईल. चार दिवसांचे बारा झाले. नवा स्विच आला, काकांनी तो बसवला, आणि वायर पुन्हा थेट बॅटरीवर घ्यायला निघाले तेव्हा दादा म्हणाले, चाललंय ना? मग राहू दे की. प्रवासी खोळंबलेत. काकांनी पाने, पक्कड गोळा केली. त्या दिवशी अजून दोन बोटी वाट बघत होत्या. उद्या करू, असं दोघंही म्हणाले, आणि दोघांनाही ते खरंच वाटलं होतं.

दादांचं निभावलं, कारण एक दिवस खाडा न करता ते सकाळ-संध्याकाळ बोटीवर येत. पण मेन स्विचच्या वर त्यांनी स्वतःच्या हाताने, पांढऱ्या रंगात लिहून ठेवलं होतं: ‘उतरण्याआधी मेन बंद’. जावयाने तेच केलं होतं. बटण ऑटोवर ठेवलं, मेन बंद केला, चावी काढून घेतली आणि आईकडे गेला. सांगितलेलं सगळं त्याने नीट केलं होतं.

वरून जावयाचा आवाज आला, “काका, ओढू का?”

“थांबा जरा,” काका म्हणाले.

त्यांनी दोऱ्याची गाठ सोडली. अकरा वर्षं घट्ट बसलेली गाठ लगेच सुटली, याचा त्यांना रागच आला. दोरा त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. वायर कापून नवी बॅटरीवर घेतली की झालं. दहा मिनिटांचं काम. कुणालाही कधीही कळणार नव्हतं. अडुसष्टावं वर्ष चालू होतं, हात आता थरथरत, आणि धक्क्यावर उरलं होतं ते एकच: काकांनी हात लावला की परत बघायला नको.

दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. काकांना त्यांनी नीट वाढलं, कमरेची चौकशी केली, आणि जावयाचा डबा न बोलता बाकावर ठेवला. मग त्याला ऐकू जाईल अशा बेताने काकांना म्हणाल्या की लाँचवाला माणूस तरी सावध आहे, त्याच्याकडे बोट बरी राहील. जावई खाली मान घालून जेवत होता. तो भराभर जेवत होता, उठून जाता यावं म्हणून जेवतात तसा.

काकांनी डबा बाजूला ठेवला, खिशातून दोरा काढला आणि बाकावर, तिघांच्या मध्ये ठेवला.

“हे काय, भाऊजी?” वहिनींनी विचारलं.

काकांनी सांगितलं. थांबत थांबत, पण काही न वगळता सांगितलं. दादांचं ‘राहू दे’ सांगितलं आणि ते ऐकणारे आपण, तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, “बटण ऑटोवरच होतं, वहिनी. पंपाला वीजच नव्हती. ती मी तोडली होती.”

वहिनींनी दोरा उचलून पाहिला. “ह्यांना माहीत होतं?”

“होतं.”

“आणि तरी वर ते लिहून ठेवलं. म्हणजे दोघा भावांनी मिळून.”

काकांनी मान डोलावली. दादांवर ढकलायला काही हरकत नव्हती, दादा काही उठून बोलणार नव्हते. पण वायरीवरचा दोरा दादांचा नव्हता.

जावई उठला नाही. त्याने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, “तीन आठवडे झाले, काका. मी रोज स्वतःलाच विचारतोय, ठेवलं होतं की नाही. काल तर वाटायला लागलं होतं की नसेलच ठेवलं.”

“चुकलो,” काका म्हणाले. मग, “पहिल्या दिवशी जे बोललो, तेही.”

जावई ‘असू दे’ म्हणाला नाही. त्याने ते म्हणावं असं काकांनाही वाटलं नाही.

जेवण आवरल्यावर काका पुन्हा खाली उतरले. “ओढा,” ते म्हणाले. “आली,” वरून उत्तर आलं. नवी वायर थेट बॅटरीवर गेली, मध्ये फ्यूज बसला. मग काकांनी वर येऊन वहिनींना कठड्याजवळ बोलावलं. मेनची चावी त्यांच्याकडेच होती, मेन बंदच होता. काकांनी जावयाला तळात दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं. पाणी चढलं, स्विच उचलला गेला आणि पंप घरघरायला लागला. बोटीच्या बाहेर पाण्याची धार पडली. वहिनी कठड्याला धरून ती धार थांबेपर्यंत बघत राहिल्या.

चारला लाँचवाला आला. वहिनींनी त्याला धक्क्यावरच गाठलं. काय बोलल्या ते काकांना ऐकू आलं नाही. तो माणूस बोटीत पाय न टाकताच परत गेला एवढं दिसलं. वहिनी परत आल्या, जावयाच्या शेजारी बाकावर चावी ठेवली आणि डबे गोळा करून निघाल्या. जाताना वळून त्याला म्हणाल्या, “आईचा पाय कसा आहे, ते मी विचारलंच नाही.”

“टाके निघाले,” जावई म्हणाला.

“बरं.” आणि त्या गेल्या.

पाच वाजत आले. काकांनी पाने, पक्कड, उरलेल्या वायरीचं भेंडोळं पिशवीत भरलं. पाठ सरळ होत नव्हती. एक पाय धक्क्यावर टाकून त्यांनी मागे हात केला, कुणी वर ढकलेल म्हणून. ढकललं कुणी नाही. जावई टॉर्च घेऊन केबिनच्या कोपऱ्यात वाकला होता.

“काका, इथे एक लाल दोरा आहे.”

तो कालचा होता. केबिनच्या दिव्यासाठी लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायची तांब्याची टोपी, कमी पडला म्हणून काकांनी वायर नुसती पिळून, वर टेप गुंडाळून ठेवली होती.

“दिवाच तर आहे,” काका म्हणाले. “उद्या सकाळी येऊन...”

जावयाने टॉर्च तसाच धरून ठेवला, त्या दोऱ्यावर.

काकांनी धक्क्यावरचा पाय पुन्हा बोटीत घेतला. पिशवी उघडली, आज आणलेला लग काढला आणि कोपऱ्यात जाऊन आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा.

“जरा डावीकडे धरा,” ते म्हणाले. “हं. आता दिसतंय.”