खिडकीकडचा गाल

माझ्या मावशीने उभं आयुष्य बस चालवली. त्यामुळे तिचे दोन गाल दोन बायकांचे वाटायचे. एक वयाला शोभेलसा. खिडकीकडचा मात्र उन्हाने रापलेला, सुरकुतलेला, तपकिरी डागांनी भरलेला. निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं, "डाग घालवायला प्रकाशाचे उपचार घेणार. उन्हाने बिघडवलंय ना, उजेडानेच निस्तरू दे."

"या वयात? कुणाला दाखवायचंय?" काका हसले.

"आरशाला. तुम्हाला कुठे चष्म्याशिवाय दिसतं!"

त्वचेच्या दवाखान्यात मी सोबत गेले. खोलीत फ्रिजएवढं यंत्र गुणगुणत होतं. डॉक्टरबाई तरुण, मितभाषी. भिंगातून त्यांनी एकेक डाग निरखला. मावशी काळा चष्मा हातात घेऊन तयारच बसली होती. कानाजवळच्या एका ठिपक्यापाशी बाई थांबल्या, पुन्हा पाहिलं, आणि भिंग खाली ठेवलं.

"बाकीचे डाग उन्हाचे आहेत, फिके होतील. पण याची शंका येतेय. आज यंत्र लावणार नाही."

"एवढ्याशा ठिपक्याने काय घोडं मारलंय?"

"कदाचित काहीच नाही. पण वरचा रंग उडाला तर खाली काय चाललंय ते कळायचं नाही. आधी छोटा तुकडा काढून तपासू."

मावशी तणतणत बाहेर पडली. "दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवते! दुसरीकडे जाऊ." अर्धा जिना उतरली आणि कठडा धरून उभी राहिली. "ब्रेकची शंका आली की मीसुद्धा भरलेली बस हलवत नसे गं. लोक शिव्या घालायचे. पण नाही म्हणायला छाती लागते." मागे वळून ती तडक वर गेली. "काढा तुकडा."

तो कर्करोग निघाला. अगदी सुरुवातीचा, कातडीपुरताच. शस्त्रक्रियेने सगळा निघाला. काका मोरीत नळ सोडून रडत होते, मावशीच बाहेरून ओरडली, "अहो, पाणी वाया चाललंय!"

जखम भरली, पुढच्या तपासण्या नीट आल्या, तेव्हा बाईंनी स्वतःच फोन करून बोलावलं. गार जेल, डोळ्यांवर चष्मा, आणि लख्खकन उजेड. "रबर ताणून सोडल्यासारखं बसतंय," मावशी म्हणाली, "पण चालू द्या." डाग आधी आणखी काळे पडले. काका हबकले, "हे तर आगीतून फुफाट्यात!" मग मिरपुडीसारखे गळून गेले. दोन-तीन हट्टी निघाले, राहिले. सुरकुत्याही साऱ्या गेल्या नाहीत, पण गाल उजळला, मऊ झाला. आरसा हातात घेऊन मावशीने तो गाल उजेडाकडे वळवून पाहिला. मग बाईंचा हात तिने दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही मला सुंदर केलंत, ते तर आहेच," ती म्हणाली. "पण त्या दिवशी नाही म्हणालात, म्हणून आज मी बघायला आहे."

 बाई यंत्र पुसायला लागल्या.

आता मावशी रुंद टोपी घातल्याशिवाय आणि गालाला उन्हापासून वाचवणारं क्रीम लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. गेल्या आठवड्यात काकांना टक्कल तपासायला तिथेच घेऊन गेली होती.