गुणगुणणारी तलवार

जावई पारखायच्या रीती घरागणिक वेगळ्या. कोणी पगार विचारतं, कोणी सात पिढ्या खणून काढतं, कोणी मुलाला जेवायला बोलावून तो ताटात काय टाकतो ते बघतं. फ्रेमवाल्या बाईंच्या घरी मात्र मुलाच्या हातात आठ हजार मोहरा देत आणि त्याला तलवार मंतरून आणायला पाठवत.

मोहरा खोट्या आणि तलवार कागदावरची, हे आधीच सांगितलेलं बरं. बाईंचं चित्रांना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. ज्या टेबलावर आठवडाभर काच कापली जाई, त्याच टेबलावर रविवारी दुपारी खेळ मांडला जाई. खेळ असा, की प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं आणि मिळून एका मोहिमेवर निघायचं. एकाने सूत्रधार व्हायचं. डोंगर, दऱ्या, चोर, राक्षस, दुकानदार सगळं त्यानेच सांगायचं, बाकीच्यांनी आपण काय करतो ते ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी सांगायचं. सूत्रधार अर्थातच बाई. लेक आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि खेळात तिरंदाज असायची. लेकीचा मामा जादूगार. मामा बस चालवायचा. सहा दिवस प्रत्येक थांब्यावर थांबून विटलेला हा माणूस खेळात कुठेही थांबायला तयार नसे. मोहरा म्हणजे सोनेरी पट्ट्यांच्या उरलेल्या तुकड्यांच्या चकत्या. एका चकतीच्या शंभर मोहरा.

आणि चौथा एक म्हातारा सरदार होता. हे सोंग लेकीच्या वडिलांचं. खेळ घरात आणला तो त्यांनीच. ते गेले तेव्हा त्यांच्या सरदाराला मारायचं कोणाच्याच जिवावर आलं नाही. बाईंनी एवढंच सांगितलं, की सरदाराचा गुडघा धरलाय आणि तो डोंगराखालच्या सरायीत थांबलाय. तेव्हापासून दर रविवारी खेळ सुरू करताना एक चकती बाजूला निघे, सरायीचं भाडं आणि म्हाताऱ्याचं जेवण म्हणून. मामा कशाचीही टिंगल करी, पण त्या चकतीची त्याने कधी केली नाही. सरायीत मात्र कोणी पाऊल टाकलं नव्हतं. तिथे गेलं असतं तर सरदाराला बोलावं लागलं असतं, आणि त्याच्या आवाजात बोलायचं ते सूत्रधाराने. बाईंना ते जमणार नव्हतं.

अशा या टेबलाशी आज एक पाहुणा येऊन बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लेकीने त्याला वर्षभर ओळखून, तावून सुलाखून घेतलं होतं आणि आता आईने हो म्हटलं की झालं, अशी गोष्ट आली होती. अडचण एवढीच, की लिफ्टवाल्याचं काम दोन तासांवरच्या दुसऱ्या शहरात होतं. लग्न झालं की लेक तिकडे जाणार. म्हणजे वरची खोली रिकामी, रात्रीचं ताट एक, आणि रविवारी टेबलाशी बहीण-भाऊ एकमेकांचं तोंड बघत बसणार.

खरं सांगायचं तर बाईंना हा मुलगा नापास व्हायला हवा होता. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, पण हवं होतं ते हवंच होतं. आणि त्यांना खात्रीही होती. याआधी दोघे आले होते. पहिल्याने धारेला आग लावून घेतली आणि घासाघीस करून वर वीज फुकट मागितली. दुसऱ्याने फोन काढला, सगळ्यात फायद्याची जादू कुठली ते शोधलं आणि परीक्षेत पाठ केलेलं उत्तर लिहावं तसं ते सांगून मोकळा झाला. त्या दोघांना लेकीने आपणहून निरोप दिला होता. शितावरून भाताची परीक्षा. तिसरं शीत वेगळं निघायचं कारण नव्हतं.

खेळ सुरू झाला. मामाने भाड्याची चकती बाजूला सारली. पाहुण्याने ती कशाची म्हणून विचारलं, तेव्हा लेकीने सांगितलं की आपल्यातला एक म्हातारा सरदार सरायीत मागे राहिलाय, त्याची. त्याहून जास्त ती बोलली नाही. परीक्षेआधी मुलाला काही सांगायचं नाही, हाही रीतीचाच भाग होता.

मग बाईंनी आवाज घोगरा केला आणि त्या लोहारीण झाल्या. डोंगराच्या पायथ्याशी हिचं दुकान, हत्यारं मंतरून द्यायचं. वर डोंगरात अजगर, म्हणजे हत्यार घ्यायचं ते इथेच. लोहारणीने दर सांगितले. तलवारीवर एक करामत चढवायची तर दोन हजार. दोन चढवायच्या तर चार नाही, आठ हजार. कारण एका पोलादात दोन जादू एकमेकींशी भांडतात आणि त्यांना नांदवण्याचे पैसे वेगळे पडतात. आग, वीज, थंडी, फेकल्यावर हातात परत येणं, अंधारात उजेड देणं, जे हवं ते मागा.

पाहुण्याने ऐंशी चकत्या समोर नीट रचून ठेवल्या आणि विचारलं, आगीची तलवार विझवायची कशी?

लोहारणीला हा प्रश्न आजवर कोणी केला नव्हता. ती म्हणाली, शब्द उच्चारला की विझते. आणि उच्चारणारा बेशुद्ध पडला तर? तर जळत राहते. म्यान कशाचं? चामड्याचं. मग तेही जळणार. पाहुणा विजेकडे वळला. तलवार ओल्या हाताने धरली तर? परत येणाऱ्या भाल्याच्या वाटेत आपलाच माणूस उभा असला तर? मध्येच जादू बंद पडली तर हत्यार कुठल्या बाजूला पडतं?

मामा आधी हसला, मग जांभया देऊ लागला. नमनालाच घडाभर तेल घालून संपवलं तर अजगराला काय मारणार, असं तो पुटपुटला. लेक नखं बघत बसली. लिफ्टवाल्याचा हा स्वभाव तिला ठाऊक होता. सिनेमाला गेलं तरी तो आधी बाहेर पडायची दारं मोजायचा. पण सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, हेही तिला त्याच्यामुळेच पटलं होतं. बाई मनात सुखावल्या. हा काही घेणारच नाही, त्यांना वाटलं. नुसता भित्रा. भित्र्याला नाही म्हणायला सूत्रधाराला फार शब्द लागत नाहीत.

चहा झाला. खिडकीतलं ऊन काचेच्या तुकड्यांवरून सरकत भिंतीवर गेलं. पाहुणा बराच वेळ त्या बाजूला पडलेल्या एकट्या चकतीकडे बघत होता.

"मला लढाईची जादू नको," तो शेवटी म्हणाला. "घंटा चढवून मिळेल का?"

"कसली घंटा?" बाई लोहारणीचा आवाज विसरल्या.

"आपण सगळे डोंगरावर चाललो. ते सरदार एकटेच खाली राहिलेत, गुडघा धरलेला. त्यांना काही लागलं तर कळणार कोणाला? त्यांच्या खाटेपाशी एक कळ असावी. त्यांनी ती दाबली की माझी तलवार गुणगुणली पाहिजे. बास."

मामाने फासे खाली ठेवले. लेकीने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पाहुण्याला वाटलं, आपण काहीतरी येडपट मागितलं, म्हणून तो घाईघाईने समजावायला लागला. लिफ्ट बंद पडली म्हणून माणूस घाबरत नाही, तो म्हणाला. आत दिवा असतो, हवा असते. तो घंटा दाबतो आणि कोणी ओ देत नाही, तेव्हा घाबरतो. कितीतरी इमारतींत त्याने पाहिलं होतं, लिफ्ट झकास, आरसे चकचकीत, आणि घंटेची तार तुटलेली. कोणाच्या लक्षातही नसतं, कारण रोज तिची गरज पडत नाही.

"आणि तलवार ऐन लढाईत गुणगुणली तर?" बाईंनी विचारलं. "अजगर समोर आहे. तेव्हा काय कराल?"

"परत येईन. कोणीतरी गेलंच पाहिजे ना. माझं तर रोजचंच आहे ते."

आता किमतीचा प्रश्न उरला. दरपत्रकात नसलेली करामत मागितली, तर ती लढाईत किती कामाची हे बघून लोहारणीने दर ठरवायचा, असा नियम. मामा नियमाचा पक्का. ही तर लढाईत नुसती बिनकामाचीच नाही, उलट धोक्याची, तो म्हणाला. पाचशेच्या वर एक मोहर नाही. उरलेल्यात पाहुण्याने धार लावून घ्यावी आणि आपण एकदाचं निघावं.

बाई चकत्यांच्या ढिगाकडे बघत राहिल्या. त्यांच्या धंद्यात भाव चित्राचा नसतो, कडांचा असतो. चित्र मोठ्या चित्रकाराचं असो की शेजारच्या पोराचं, भोवती पट्टी किती लागते तेवढेच पैसे. आणि त्यांच्या मनात अजूनही ती एक खोच होती. बघू तरी, हा घासाघीस करतो का. केली तर नाही म्हणायला जागा मिळेल.

"आठ हजार," त्या म्हणाल्या.

"ताई, काहीतरीच काय," मामा म्हणाला.

"लोहारीण मी आहे. आठ हजार. एक मोहर कमी होणार नाही."

पाहुण्याने एकच गोष्ट विचारून घेतली. "एवढ्यात दोन्हीकडचं येईल ना? त्यांच्या बाजूची कळसुद्धा? खाटेवरून हात पोहोचेल अशी पाहिजे, उठायला लागू नये." येईल, असं ऐकल्यावर त्याने दोन्ही हातांनी ऐंशीच्या ऐंशी चकत्या टेबलावरून लोहारणीकडे सारल्या. त्याच्याकडे आता धारही न लावलेली एक साधी तलवार उरली होती.

कप विसळायचं निमित्त करून बाई आत गेल्या. नळ सोडून त्या बेसिनपाशी उभ्या राहिल्या आणि रडल्या. मागे राहिलेला म्हातारा कोण, हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं. आणि पुढच्या वर्षी मागे कोण राहणार, हेही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी त्याला भित्रा ठरवला होता. भित्र्या त्याच होत्या. या सगळ्यांनी डोंगर चढू नये म्हणून त्या पायथ्याशी दुकान थाटून बसल्या होत्या.

तोंड पुसून त्या बाहेर आल्या आणि लेकीला म्हणाल्या, "माझं हो आहे." लेकीला आधी कळलंच नाही, मग कळलं. मामाने पाहुण्याची पाठ थोपटली आणि आता अजगराकडे निघू या म्हणाला, पण तेवढ्यात पाहुण्याच्या परतीच्या बसची वेळ झाली.

बसपर्यंत सोडायला जाताना लेकीने लिफ्टवाल्याला सगळं सांगितलं. आपण उगाच बोललो का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, नाही.

पुढच्या रविवारी तो दोन तासांचा प्रवास करून पुन्हा आला. काहीच माहीत नसल्यासारखा आपल्या खुर्चीवर बसला. मामाने भाड्याची चकती बाजूला काढायला हात घातला, तर लिफ्टवाल्याने विचारलं, आज मी ठेवू का? मामाने चकती त्याच्या हातात दिली.

मंडळी डोंगर चढू लागली. बाई वाट सांगत होत्या. निसरडे दगड, धुकं, वर कुठेतरी अजगराच्या श्वासाचा आवाज. मामा फासे मुठीत खुळखुळवत तयारच होता. आठवडाभर त्याने हीच एक आशा धरली होती. गुहेचं तोंड दिसलं आणि बाई थांबल्या. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"तलवार गुणगुणतेय," त्या म्हणाल्या.

मामाने मूठ सैल केली. लेक आईकडे बघत होती. लिफ्टवाल्याने काही न विचारता सांगून टाकलं, की तो मागे फिरला आणि धावत डोंगर उतरला. मग तिरंदाजही उतरली. जादूगार क्षणभर गुहेपाशी एकटाच उभा राहिला, त्याने एक मोठा सुस्कारा टाकला आणि तोही उतरला.

सरायीचं दार ढकललं. आत खाटेवर म्हातारा सरदार उशीला टेकून बसला होता. जखम नव्हती, ताप नव्हता, खोलीत चोर नव्हते. हाताने ती कळ दाबून धरली होती.

"काय झालं?" लिफ्टवाल्याने विचारलं. "काय लागलं तुम्हाला?"

बाईंनी श्वास घेतला. इतक्या वर्षांनी तो आवाज त्यांच्या तोंडून निघाला, जड आणि जरा चिडका, गुडघा दुखत असल्यावर यायचा तसाच. लेकीने तो लगेच ओळखला.

"काही नाही. तुम्ही सगळे जेवलात का, एवढंच विचारायचं होतं."

"नाही," लिफ्टवाला म्हणाला. "अजून नाही जेवलो." आणि आपण खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो, असं त्याने सांगितलं.

मग सरदार बोलत राहिला. सरायीतल्या उशा कशा कडक आहेत ते त्याने सांगितलं, मामाच्या दाढीला नावं ठेवली, लेकीचा नेम अजून डावीकडे जातो का ते विचारलं. लेक हसत होती आणि डोळे पुसत होती. अजगर त्या रविवारीही गुहेतच राहिला. निघायची वेळ झाली तेव्हा मामाने फासे डबीत भरले आणि दाराशी थांबून बहिणीला विचारलं, पुढच्या खेपेला म्हाताऱ्याला पाठीवर घालून वर न्यायचं, तर लोहारीण त्याचे काय घेईल?