जुन्या खड्ड्यात नवी मेढ

शनिवारची दुपार, गिऱ्हाईक बाकड्यावर बसलेलं, तवा तापलेला, आणि आमच्या सूनबाई गेम खेळायला गेलेल्या. हे मी कोणाला सांगायचं?

पोरंटोरं खेळतात ती गेम. दोन लेकरांची आई, आणि दिवाळी झाल्यापासून रोज दुपारी पदर खोचून शाळेत जाते नि लॅपटॉपसमोर बसते. आल्यावर विचारलं तर म्हणते, "आत्या, आज तळ्याची कड बांधली." तळ्याची कड. इथे चुलीची कड फुटलीय, ती कोणी लिंपायची?

"आई, शिकतीय ती काहीतरी," किरण म्हणाला. किरण माझा लेक. मळवली स्टेशनावरून गडाकडे येणाऱ्यांना जीपने आणतो आणि बायकोची बाजू घेतो, ही त्याची दोन कामं.

"शिकायचंच आसंल तर भाकरी शिकू दे. आजून कडा फाटत्यात तिच्या."

पुण्याच्या पोरांना पिठलं वाढलं, त्यांनी माझा फोटो काढला तो काढू दिला, आणि तवा उतरवून पिठाच्या हातांनीच मी शाळेकडे निघाले. आज तिला दंडाला धरून आणायची, चार बायकांदेखत आणायची, असं ठरवूनच.

लोहगडाच्या पायथ्याला रस्त्यावर पहिली टपरी आमची. वाडीत चिमाबाईचा शब्द चालतो, हे मी माझ्या तोंडाने सांगायला नको, पण सांगते. गेल्या साली निवृत्तीने पाहुण्यांचे तंबू लावायला माळावर तारेचं कुंपण घातलं आणि गुरांची वाट बंद केली. गडीमाणसं पारावर बसून नुसती कुजबुजत होती. मी त्याच्या दारात गेले. म्हणाले, "निवृत्ती, वाट अडवनाऱ्याच्या तोंडात मरताना पानी पडत न्हाई." दुसऱ्या दिवशी तार निघाली. तेव्हापासून ते वाक्य वाडीत माझ्या नावाने चालतं. पोरं खेळतानासुद्धा एकमेकांना म्हणतात.

शाळेत गेले तर वर्गात बायका सतरंजीवर बसलेल्या. पुढे दोन-तीन लॅपटॉप, भिंतीवर पांढरी चादर, आणि त्या चादरीवर हिरवे-तपकिरी ठोकळे. लहान पोराने ठोकळे रचावेत तसा डोंगर, तशीच घरं. बबिता सगळ्यात पुढे. मला बघून तिचा हात लॅपटॉपवरून खाली आला.

"चला," मी म्हणाले. "गिऱ्हाईक जेवायचं थांबलंय, त्याला बी हितंच बोलवू का?"

मागच्या बायका हसल्या. एका संस्थेची पोरगी शिकवायला यायची. प्रतीक्षा तिचं नाव, कामशेतची. ती उठून उभी राहिली. गोड होती, पण बावळट नव्हती.

"मावशी, पाचच मिनिटं बसा ना. हे तुमच्याही कामाचं आहे. ग्रामपंचायत पाण्याच्या टाक्यापर्यंत पायऱ्या आणि दिवे करणार आहे. कुठून करायचे ते कागदावर आखलं की दोन-चार लोकांनाच कळतं आणि तेच ठरवतात. म्हणून बायकांनी ह्या गेममध्ये वाडी बांधलीय. आहे तशी. आता त्यात पायऱ्या बांधायच्या आणि तेच ग्रामसभेत सगळ्यांना दाखवायचं."

पायऱ्या कुठून जाणार, हे सुनेवर सोडणारी बाई मी नाही. पायऱ्या टपरीवरून गेल्या तर गडाची माणसं पाण्याला आमच्याच दारातून जातील. मी बसले.

प्रतीक्षाने चादरीवर आमची टपरी दाखवली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. रस्त्याकडची बाकडी, पाण्याचा लाल ड्रम, वर निळा पत्रा, सगळं जिथल्या तिथे. बबितानेच केलं होतं. ज्या बाईला आपल्या दारातून जे दिसतं ते तिने बांधायचं, असा त्यांचा नेम होता.

"आज शेवटचा खेळ आहे," प्रतीक्षा म्हणाली. "आपल्या नाही, दुसरीच्या दारातून निघायचं आणि टाक्यापर्यंत चालत जायचं. कोण येतंय?"

"म्या जाते," मी म्हणाले. "डोळं बांधून जाईन. कुटनं सोडायचं तितनं सोड."

तेव्हा बबिता एकदम म्हणाली, "आत्या, नगं. भाकऱ्या ऱ्हायल्यात. चला घरी."

"आता आठवल्या व्हय भाकऱ्या?"

बायका पुन्हा हसल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण चार बायका आपल्या बोलण्याला हसल्या की माझी अक्कल थोडी बाजूला बसते.

"रंजनाच्या दारातून सोडते तुम्हाला," प्रतीक्षा म्हणाली.

रंजना खालच्या वस्तीतली. ठाकरांची घरं आहेत तिथे, टपरीच्या मागच्या उताराखाली. ती कोपऱ्यात बसली होती, डावा हात मांडीवर ठेवून. गेल्या श्रावणात भरला हंडा घेऊन घसरली आणि ते मनगट वाकडंच बसलं. त्या दिवशी तिला टपरीवरूनच जीपमध्ये घालून नेलं होतं. ती गेल्यावर मी म्हणाले होते, मानसानं पाय बघून टाकावा. बहुतेक तिच्या नवऱ्यासमोरच म्हणाले होते.

प्रतीक्षाने माझं बोट बटणावर ठेवलं. एक दाबलं की चादरीवरची बाहुली पुढे जायची, माऊस हलवला की तिची मान वळायची. काळ्या बटणांवर माझ्या पिठाचे पांढरे ठसे उमटले. टपरीतला डबा पैसे आले की बाईच्या आवाजात बोलतो, त्याखेरीज असल्या वस्तूंशी माझा संबंध नाही. पण जमलं. रंजनाचं दार, कुडाची झोपडी, करवंदीची जाळी, सगळं मागे गेलं. सरळ वर चढण. पाणवठ्याची वाट ती. नवी नवरी होते तेव्हा त्या वाटेने खालच्या बायका रांगेने यायच्या आणि आमच्या दारासमोरून टाक्याकडे जायच्या.

आणि ठक. बाहुली भिंतीला धडकली.

मी बटण दाबून धरलं. हलेना. समोर नुसती करडी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कुनाचा गोठा हाय ह्यो?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आरं, बोला की. बरूबर वाटंवर बांधलाय. बायामानसांनी हंडं घिऊन कुटनं जायाचं? कुनाला सांगायची लाज वाटत आसंल तर म्या सांगते. वाट अडवनाऱ्याच्या तोंडात मरताना पानी पडत न्हाई."

एरवी या वाक्याला बायका माना हलवतात. आज कोणाची मान हलली नाही. बबिता सतरंजीची दशी ओढत होती. प्रतीक्षाने माझ्याकडे पाहिलं, मग बबिताकडे. तिला बहुतेक तेव्हाच कळलं.

मग रंजना बोलली. आवाज चढवला नाही, टोमणाही नव्हता. पोराला रस्ता सांगावा तसं म्हणाली.

"मावशी, डावीकडनं घ्या. उतारानं. आमी तसंच जातो."

मी डावीकडून घेतलं. उतार तिरका होता, बाहुली एकदा खाली घसरली, पुन्हा चढली. लांबचा वळसा पडला. वर रस्ता लागला तशी मी मान वळवली, मघाची भिंत कोणाची ते बघायला.

लाल ड्रम. बाकडी. निळा पत्रा.

माझी टपरी मी जन्मात कधी मागून पाहिली नव्हती. माझं काय काम होतं खालच्या वस्तीत?

पुढे टाकं होतं. मी तिथवर बाहुली नेली, कारण मधे थांबले असते तर उठावं कसं हे मला कळलं नसतं. "टाकं आलं," म्हणाले आणि उठले. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

वाट मी अडवली नाही, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते. एका दिवसात कोणी वाट अडवत नाही. आमच्याकडे पावसाळा सरला की टपरीचे पत्रे उतरवतात, त्याखालच्या कुजलेल्या लाकडी मेढी उपटतात आणि नव्या पुरतात. जुन्या खड्ड्यात नवी मेढ पुरायची नसते, वाळवी लागते. सासऱ्यापासूनची रीत. पुढे रस्ता, म्हणजे पुढे सरकता येत नाही. मग दरसाल हातभर मागे, पाणवठ्याची वाट टपरीला वळसा घालून वर यायची त्या अंगाला. हातभर तर. मालक गेल्यावर मीच उभी राहून किरणला सांगायची, आजून थोडी मागं घे, भांडी घासायला जागा व्हईल. आणि खालच्या बायका कधीपासून दारासमोरून जाईनाशा झाल्या, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. नाही, आलं होतं. मला वाटलं, त्यांच्याकडे नळ आला असेल. विचारलं मात्र नाही.

संध्याकाळी बबिता चुलीपुढे बसली. मी तिच्या मागे उभी राहिले.

"ती मागची भित तू बांधलीस?"

"न्हाई, आत्या. रंजनाताईनं. तिच्या दारातनं तीच दिसती."

"तू बघितली व्हतीस?"

"पयल्याच दिशी."

"मंग?"

तिने जाळ पुढे सारला. "म्या एक दार काढलं व्हतं भितीत. कुनाला न सांगता. म्हनलं, आपल्या घराचं कशाला दिसावं. रंजनाताईच्या ध्यानात आलं. म्हनली, बबिता, ह्या दारातनं मी कवा गेले गं? मंग बुजवलं."

"घरी का न्हाई सांगितलंस?"

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी थापायला घेतली. कडा फाटली नाही, हेही मी पाहिलं.

मी तांब्या तोंडाला लावला. घोट उतरेना. हे कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून सांगितलं नाही.

सकाळी किरणला उठवलं. "मागचं पत्रं काढ."

"आई, आज रविवार हाय. गडावर गर्दी—"

"काढ म्हनलं ना."

त्याने पत्रे काढले, मेढी उपटल्या. जमीन मोकळी झाली तसे जुने खड्डे दिसायला लागले. राख नि दगड घालून बुजवलेले, एकामागे एक, थेट रस्त्याकडे येत गेलेले. सगळ्यात पुढच्या खड्ड्याजवळ शेंदराचा दगड होता. पहिली मेढ पुरताना सासऱ्यांनी नारळ फोडून तो तिथे ठेवला होता. आमची हद्द इथवर, असं म्हणून. गेली कित्येक वर्षं मी त्याच्यावर सरपण रचत होते.

"मेढी कुटं पुरू?" किरणने विचारलं.

"दगडाला लागून. त्याच खड्ड्यात."

"वाळवी लागंल."

"लागू दे."

तो पहार घेऊन खणायला लागला. मी एक पत्रा धरून मागे उभी होते, आणि तेवढ्यात उतारावरून रंजना वर आली. डोक्यावर रिकामा हंडा, धरायला उजवा हात. वाट मोकळी दिसली तशी थांबली. करवंदीच्या जाळीपासून थेट रस्त्यापर्यंत आरपार दिसत होतं.

सगळ्या वाडीला बोलणारी बाई मी. मी पत्रा थोडा बाजूला घेतला, एवढंच.

रंजनाने वाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डावीकडे वळली आणि रोजच्या उताराने गेली. सवयीने गेली की मुद्दाम गेली, हे तिला विचारायचं तोंड मला नव्हतं.

बबिता चहा घेऊन मागे आली. तिनेही पाहिलं होतं. चहा माझ्या हातात देऊन उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "आत्या, दुपारी शाळेत जाऊ का? गेममधली भित बी काढून टाकते. ग्रामसभंत कशाला दिसायला पायजे."

"जा. पन भित काढू नगंस. ग्रामसभंत दिसू दे. लोक इचारतील तवा म्या तितं आसंन."

ती जायला वळली. मी चहाचा एक घोट घेऊन पाहिला. उतरला. मग तिला हाक मारली आणि किरणला ऐकू जाईल, खालच्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"लय गुनाची सून हायेस तू, बबिता. म्हनून तर माजीच भित मला रंजनाकडनं बघावी लागली."