चाल कोणाची

“हाई गोष्ट कोणालेच खरी वाटस नही,” असं म्हणत रतिलाल आप्पाने पटावरचा काळा राजा उचलला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. “आख्ख्या पटवर दोन राजा अन् एक प्यादं. बाकी समदं रान मोकळं. तरी दोन गडी तठेच अडकी बठनात!”

दामिनी हसली नाही. आप्पाच्या गोष्टी तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होत्या. तापीच्या पुरात वाहून चाललेला बैल त्याने काठावरून नुसती शिट्टी मारून परत बोलावला होता. त्याच्या मळ्यातल्या केळीच्या एका घडाने ट्रकचं टायर फुटलं होतं. गावात कोणी जास्तच फेकू लागला की लोक म्हणत, याला रतिलालच्या ओट्यावरची हवा लागली.

त्याच ओट्यावर ती आज बसली होती. सकाळी धडगावहून जीपने घाट उतरून शहाद्याला आली आणि तिथून थेट इकडे. घरी आई वाट पाहत होती, तरी आधी इकडेच. कारण सांगण्यासारखं होतं. ती शिकवते त्या आश्रमशाळेतल्या मुली बुद्धिबळाच्या स्पर्धेला जायच्या होत्या. पटावर सोंगट्यांची गर्दी असते तोवर त्या धडाधड खेळत. दोन-तीन उरल्या की बावरत. तिचंही तेच होई. तिच्या वडिलांना, भिकननानांना, विचारलं असतं, पण नाना गेले त्याला आता वर्ष होत आलं होतं. नानांच्या जोडीचा खेळणारा गावात हा एकच.

दुसरं कारण तिने अजून काढलं नव्हतं. नाना चिंचपाड्याच्या दवाखान्यात होते. शेवटच्या दिवशी दुपारी आई कपडे आणायला घरी आली होती आणि दामिनी धडगावला अडकली होती. त्या दुपारी नानांच्या खाटेजवळ कोणी होतं की नव्हतं, हे तिला अजून कळलेलं नव्हतं. आणि गावात आप्पा सांगत फिरे, मी होतो.

“शेवटना डावमा राजाले लपाडू नको व माय,” आप्पा सांगत होता. “आख्खा डाव तो कोपरामा दडेल ऱ्हास. गर्दी हटनी का त्याले भाहेर काढ. अन् प्यादं ढकलानी घाई नही. केळीना घड काढताना पहिले एक जण पुढे जाई पानं बाजूले करस का नही? राजानं काम तेच. वाट करी देनं.”

“मुली आधी प्यादंच पळवतात.”

“तुन्हा बापबी पळाडे. मी शिकाडं त्याले.”

“नाना म्हणायचे, त्यांनी तुम्हाला शिकवलं.”

“भिकन फेकू व्हता,” आप्पा गंभीरपणे म्हणाला. आता मात्र दामिनी हसली.

मग तिने पट स्वतःकडे वळवला. मधोमध पांढरं प्यादं ठेवलं. त्याच्या पुढच्या घरात पांढरा राजा. मध्ये एक घर मोकळं सोडून, समोर काळा राजा.

“आणि असं असलं तर?”

आप्पाने पटाकडे पाहिलं. खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली, चुना न लावताच मिटली.

“राजा राजाले खेटू शकस नही,” तो म्हणाला. “मधलं घर कोणालेच नही. आते ज्यानी चाल, त्याले हटनं पडस. काळानी चाल व्हयी तं तो हटी, पांढरा पुढे घुसी, प्यादाना वजीर व्हयी. काळा मरना. पन पांढरानी चाल व्हयी तं काळा त्यानी वाट अडाई धरस. डाव बरोबरीमा.”

“म्हणजे सगळं चाल कोणाची यावर.”

“समदं त्यावरच.”

हा डाव सगळ्या गावाला माहीत होता. पांढरा भिकनचा, काळा रतिलालचा. ऐन रंगात असताना मळ्यावर केळीचा ट्रक आला म्हणून रतिलाल उठून गेला. परत येऊन बसला तो म्हणाला, चाल तुझी. भिकन म्हणाला, तुझी. आधी हसत, मग आवाज चढवून, मग एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत. शेवटी दोघंही उठले. पट तसाच राहिला, कोणीतरी कोंबड्या हाकलताना उधळेपर्यंत. त्यानंतर एकाच गल्लीत राहून ते दोघं बोलले नाहीत. भिकनच्या थोरल्या पोरीच्या लग्नात रतिलालने पंगतीत वाढलं, पण भिकनच्या पानावर दुसऱ्याच्या हातून वाढवलं.

“दवाखान्यात हाच डाव झाला ना, आप्पा?” दामिनीने विचारलं. ती पटाकडेच बघत होती. “मला सांगा ना. मी नव्हते तेव्हा.”

आप्पाने पाय वर घेतले. गोष्ट सांगायला तो असाच बसे.

“त्या दिनले मी सकायलेच निंघनू. नंदुरबारनी यष्टी धरी. तठून विसरवाडी. फाटावर उतरनू. टपरीवर भज्या तळी ऱ्हायंतात. मी चहा मांगा. चहामा माशी पडनी. ती काढी टाकी अन् तोच चहा पिना. बाकडावर बठनू. समोर चिंचपाडानी गाडी उभी व्हती. कंडक्टर वरडी ऱ्हायंता. मन्हा हातमा पटनी पिशवी.”

तो थांबला. यात बैल नव्हता, पूर नव्हता. माशीसुद्धा माशीएवढीच होती.

“मग?”

“मंग काय सांगू व माय!” आप्पाचा आवाज एकदम उंच झाला, हात हवेत गेले. “दवाखानामा पाय ठेवा नही का समदासले खबर! रतिलाल उना, रतिलाल उना! पेशंट खाटा ढकलत जमनात. एक जण तं प्लास्टरना पाय खांदावर टाकी उना! अन् तुन्हा बाप! माले देखताच ताडकन उठी बठना. अन् पहिला बोल काय? तोच जुना! म्हने, ‘का रे रतिलाल, चाल तुन्हीच शे!’”

“असं म्हणाले?”

“तोच आवाज! अन् मी म्हनं, हा भो, मन्हीच. हारनू मी. अन् असा सरकाडा मन्हा राजा.” आप्पाने पटावरचा काळा राजा खरोखरच एक घर बाजूला केला. त्याचं बोट राजावर जरा जास्तच वेळ राहिलं. “त्याना राजा पुढे, प्यादं मांगे, टुकूटुकू, वजीर व्हई गया. असा हासना भिकन, असा हासना का खिडकीवरना कबुतरं उडी गयात. म्हने, आते माले काही नको.”

ओट्यासमोरून शेळ्या गेल्या. त्यांच्या खुरांची धूळ पटावर बसली. दामिनीने फुंकर मारली, मग काळा राजा उचलून हळूच आधीच्या घरात ठेवला. दोन्ही राजे पुन्हा समोरासमोर आले.

“खाटेजवळ जो येईल त्याला नाना एक निरोप द्यायचे,” ती म्हणाली. “झाडू मारणाऱ्या बाईला, शेजारच्या पेशंटला, मला तर मी तिथे असेपर्यंत रोज. त्यांना वाटायचं, आपण राहिलो नाही तर कोणीतरी तुम्हाला सांगायला हवं. मी वर्षभर थांबले. म्हटलं, तुम्ही गेला असाल तर त्यांनीच सांगितलं असेल, मी कशाला उकरू.”

“काय निरोप?”

“‘रतिलालले सांगजा, चाल मन्हीच व्हती.’”

आप्पाने डबी पुन्हा उघडली. तंबाखू हातावर घेतली, मळायला लागला, आणि ती बोटांच्या फटींतून धोतरावर सांडत राहिली. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

“त्यानी असं म्हनं?”

“रोज. म्हणजे डाव बरोबरीत सुटत होता. कोणीच हरत नव्हतं.”

“माले देखी तो गंमतमा बोलना व्हयी,” आप्पा म्हणाला. आवाज मात्र पुन्हा विसरवाडीच्या बाकड्यावर बसलेला. “त्याना स्वभाव तुले ठावूक नही. गंमतमा...”

दामिनीने त्याच्या धोतरावरची तंबाखू झटकली, लहानपणी नानांच्या झटकायची तशीच. मग शाळेतली भाषा बाजूला ठेवून घरच्या बोलीत, अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाली,

“आप्पा, तुम्ही विसरवाडीना पुढे गयाच नहीत.”