आखणीचा हात

"अजून दाबा, मॅडम. माझ्या वरडण्याकडं ध्यान देऊ नका."

रोह्याच्या त्या लहानशा दवाखान्यात हिरामणचा उजवा हात टेबलावर पसरला होता. व्यायाम करून घेणारी सुरभी मॅडम त्याचं मधलं बोट दोन्ही हातांनी धरून हळूहळू वाकवत होती. मेलं बोट हलायला तयार नव्हतं. शेजारी बसलेल्या ठमाबाईला नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

"जबरदस्ती नाही करायची, काका. सूज येईल."

"येऊ दे की! पुढच्या महिन्यात आखणी हाय."

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. पेणच्या कारखान्यात बाकीचं रंगकाम चारचौघं करतील, पण डोळ्यांना कसलेला हातच लागतो, आणि कमळाकरशेठच्या कारखान्यात तो हात हिरामणचा. श्वास रोखून बारीक कुंचल्याची एकच ओढ, की मूर्ती समोरच्याकडं बघायलाच लागायची. गिऱ्हाइकं बजावून जायची, "डोळे हिरामणकडूनच काढून घ्या हं." त्या गरीब माणसाच्या वाट्याला आलेला मान तो एवढाच.

शिमग्याच्या सुमारास मोठी मूर्ती टेम्पोत चढवताना पाट घसरला आणि दोन बोटं खाली चेचली. डॉक्टरांनी हाड बसवलं, प्लास्टर घातलं. काढताना बजावलंसुद्धा, "आता बोटं चालवा. दुखली तरी चालवा."

ऐकेल तो हिरामण कसला! प्लास्टरमधलं त्याला कोण शिकवणार? मूर्तीचं बोट मोडलं की जोड द्यायचा आणि पक्का सुकेस्तोवर त्याला वारासुद्धा लागू द्यायचा नाही, हे जन्मभर केलेलं. तेच त्यानं स्वतःच्या हाताला लावलं. दिवसभर हात गळ्यातल्या झोळीत, झोपताना उशीवर. ठमाबाईनं घास भरवले, शर्टाची बटणं लावली, शेजारणींना दटावलं, "लांब बस गो, धक्का लागंल. आखणीचा हात हाय तो!" फुलासारखं जपलं हो बिचारीनं. आणि शेवटी झोळी काढली, तर बोटं अर्धवट वाकून तशीच आखडलेली. ना मिटत, ना उघडत. लेक नूतन रोह्यात दिलेली, तिनंच मग दोघांना ओढत इथं आणलं.

"मॅडम, एक ऐकाल?" हिरामणनं आवाज खाली आणला. "मोडा परत."

"काय मोडू?"

"बोटं. आमच्यात जोड वाकडा बसला तर मोडून परत बसवतात. मी हू का चू करणार नाय."

सुरभीनं त्याचं बोट हळूच सोडलं. "काका, हाड नीट बसलंय. सांधे आखडलेत. हाड मोडून सांधा मोकळा होत नाही. व्यायाम सोडू नका, म्हणजे हातानं जेवाल, बटणं लावाल. बारीक कामाचं मात्र आत्ताच नाही सांगता येणार."

"घास भरवायला ही हाय!" हिरामण ओरडलाच. "आखणी कोण करंल माझी?"

ठमाबाईला हुंदका फुटला. "माझंच चुकलं वो. मीच नको तेवढं जपलं."

हिरामणनं तिच्यावर रागवावं, तर जपून घेतलं होतं त्यानंच.

मग मात्र त्यानं हाताचा पिच्छा सोडला नाही. गरम पाण्यात बुडव, ओल्या शाडूचा गोळा मळ, दात-ओठ खाऊन बोटं वाकव. एका सकाळी पाण्याचा पेला धरता आला. ठमाबाईनं देवापुढं साखर ठेवली, तर हा तिच्यावरच खेकसला, "पेल्याचं काय कवतिक गो!"

आखणी सुरू झाली तशी कमळाकरशेठनं एक लहान मूर्ती त्याच्यापुढं ठेवली. हिरामणनं कुंचला धरला. तो बोटांत फिरला आणि रेघ गालापर्यंत ओघळली. पुसून परत काढली, परत तेच.

"राहू दे, हिरामण," शेठ म्हणाले. "पोरगी करील."

पोरगी म्हणजे दागिने रंगवणारी प्रतीक्षा. हिरामण मूर्तींच्या रांगेमागं गेला आणि लहान मुलासारखा रडला. तिथं गिलावा न केलेल्या भिंतीशिवाय त्याला बघायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो मूर्ती पुसून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायला लागला. खांब गावचे पोपटराव आले. वर्षानुवर्षं त्यांचा गणपती इथलाच. हिरामणनं मूर्तीच्या तोंडावरचं कापड काढलं आणि ते हरखलेच.

"वा, हिरामण! डोळे म्हणजे डोळे! हात बरा झाला म्हणायचा!"

प्रतीक्षानं मान खाली घातली. शेठ मागून खुणावत होते, हो म्हण, हो म्हण.

"नाय वो," हिरामण म्हणाला. "माझं नाय. या पोरीनं काढलं." थोडा वेळ तो त्या डोळ्यांकडं बघत राहिला. "बरं बघतोय गणपती. मी काढलेल्यापरीस बरं."

पोपटरावांनी मूर्ती उचलली. "मोरया!" म्हणत सगळ्यांनी हात जोडले. हिरामणनंही जोडले, पण ती दोन बोटं मधे आली आणि तळवे काही जुळेनात. मग त्यानं डाव्या हाताचीही दोन बोटं तेवढीच वाकवली आणि हात जोडले.