नखरेल गिऱ्हाइकाची खुर्ची

"हे गिऱ्हाईक आहे तरी कोण? फार नखरेल दिसतंय!" माझ्या ड्रॉइंगवर खडू आपटत नवरा म्हणाला. "बैठक पसरट, पाठ सरळ, शिवाय उजवा पाय टेकायची पट्टी डावीपेक्षा अर्धा इंच उंच. खुर्ची आहे का सिंहासन?"

"दिवसभर बसून काम करणारा माणूस आहे तो," मी म्हणाले आणि हसू लपवायला ग्राइंडरची वायर गुंडाळू लागले.

गिऱ्हाईक म्हणजे हे स्वतःच! आमच्या वर्कशॉपमध्ये मी आखते, हे घडवतात; ज्याला जसं हवं तसं, त्याच्या मापाचं. बावीस वर्षं दुनियेला खुर्च्या करून दिल्या आणि स्वतः बसतात रंगाच्या उपड्या डब्यावर. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! असंच बसलात तर वर्षभरात काम सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण स्वतःसाठी काही करा म्हटलं, की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी गिऱ्हाईक." मग मी गिऱ्हाईकच आणलं. माप घ्यावं लागलं नाही. ह्यांचा उजवा पाय आखूड आहे, हे आम्ही कधी बोललो नाही. पण ह्यांच्या प्रत्येक नव्या पँटचा उजवा पाय मी अर्धा इंच जास्त दुमडते.

चार दिवस हे त्या गिऱ्हाइकाच्या नावाने बोटं मोडत होते आणि जीव ओतून कामही करत होते. पाचव्या दिवशी बघते तर बैठकीच्या डाव्या अंगाला एक जाड मूठ जोडलेली.

"ही ड्रॉइंगमध्ये नाही," मी चिडले. माझ्या रेघेबाहेर कोणी गेलेलं मला खपत नाही.

"तुला कसं सुचणार?" हातातली कानस थांबवून हे म्हणाले. "अगं, पाय आखूड असला की कंबर भरून येते. उठताना कळ निघते. असा माणूस सांगत नाही कुणाला. नुसता खोकतो. लोकांना वाटतं, धुराने खोकतोय. धरायला काही असलं म्हणजे बिचाऱ्याला बरं."

बावीस वर्षं मी ह्यांना खोकल्याचं औषध पाजत होते. डोळे भरून आले, आणि वेल्डिंग बंद असल्यामुळे धुराचं निमित्तही नव्हतं.

कुठलीही खुर्ची बाहेर जाण्याआधी हे तिच्यावर एकदा बसून बघतात. तसे गुणगुणत बसले. पाठ टेकली. दोन्ही टाचा आपापल्या पट्टीवर अलगद टेकल्या. गुणगुणणं थांबलं. ह्यांनी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय गं, हे गिऱ्हाईक पँट कुठे दुमडून घेतं?"

"घरीच."

"तरीच! एवढं डोकं खाणारं म्हणजे घरचंच असणार!"

आम्ही इतके हसलो, की शेजारचा सुतार रंधा टाकून डोकावला.

"मग, पसंत आहे का गिऱ्हाइकाला?" मी विचारलं.

"रंग राहिलाय अजून," असं म्हणून ह्यांनी डाव्या हाताने मूठ धरली आणि उठले. मी कान देऊन होते. खोकला आला नाही.